म्हशीचं बस्तान

वहिनींचा नवरा टेम्पो चालवायचा. कुणाचं कपाट हलवायचं असो की दुकानाचा माल उतरवायचा असो, हाक मारली की हा माणूस हजर, म्हणून अख्खा रस्ता त्याला दादा म्हणायचा आणि दादांची बायको ती सगळ्यांची वहिनी झाली. केस कापणाऱ्यापासून दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंपर्यंत लहानथोर सगळे त्यांना वहिनीच म्हणत. पण वहिनींचं स्वतःचं काम वेगळं होतं आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मोठ्या हॉटेलच्या तळघरात कपडे धुण्याचा जो विभाग होता, त्याच्या त्या मुख्य होत्या. चादरीवर कसला डाग आहे हे त्या लांबून सांगत, आणि तो निघणार की नाही हेही.

मग एके दिवशी हॉटेल विकलं गेलं. नवे मालक तिथे कार्यालयं काढणार होते. त्यांना ना चादरी लागणार होत्या, ना वहिनी. नोकरांचं देणंघेणं रीतसर मिटलं, निरोपाचा चहा झाला, आणि उठताना जुन्या व्यवस्थापकांनी सहज सांगितलं की तळघरातली यंत्रं भंगारवाला वजनावर नेणार आहे.

त्या यंत्रांतलं सगळ्यात मोठं, धुणारं आणि पिळणारं यंत्र, त्याला कामगार म्हैस म्हणत. पाणी भरपूर प्यायची, दिवसभर बसून रवंथ करायची आणि मनाविरुद्ध काही झालं की ढुसण्या द्यायची, म्हणून म्हैस. बाकीच्या बायका तिला टरकून असत. वहिनींना मात्र तिची प्रत्येक खोड माहीत होती. ती भंगारात जाणार हे त्यांनी ऐकलं, आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यांच्या डोक्यात दुसरंच काहीतरी शिजायला लागलं.

घरी आल्यावर त्यांनी सरळ सांगून टाकलं, "म्हैस विकत घ्यायची म्हणते मी."

सासूबाईंना कानाने थोडं कमी यायचं, पण हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी विचारलं, "बांधणार कुठे? आणि धार कोण काढणार?"

हसण्यात थोडा वेळ गेला. मग वहिनींनी नीट समजावलं. आपल्या रस्त्यावर न्हाव्याचे टॉवेल आहेत, दवाखान्याच्या चादरी आहेत, खानावळीचे टेबलावरचे कपडे आहेत, शिंप्याकडचं नवं कापड धुऊन घ्यावं लागतं. हे सगळं आज कोण धुतं? ज्याच्या त्याच्या घरातली एक बाई, कंबर मोडेपर्यंत. ते सगळं एका ठिकाणी आलं तर हॉटेल गेलं काय नि राहिलं काय. दादांनी जेवता जेवता ऐकून घेतलं, हात धुतले आणि एवढंच म्हणाले, "टेम्पोत मावेल." त्यांची संमती ही अशीच असायची.

वहिनी आधी बँकेत गेल्या. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने खुर्ची दिली, पाणी विचारलं, आणि मग घर स्वतःचं आहे का आणि धंद्याचे मागच्या वर्षांचे हिशेब कुठे आहेत, असं विचारलं. वहिनी म्हणाल्या की धंदा अजून सुरूच व्हायचाय. तो म्हणाला, हो, पण मागचे हिशेब लागतील. पाळण्यात न आलेल्या मुलाचा शाळेचा दाखला मागावा, तसला प्रकार. पोरगा वाईट नव्हता, त्याचे हात बांधलेले होते. वहिनींनी पाणी पिऊन त्याचा निरोप घेतला.

तिथून त्या थेट पतसंस्थेत गेल्या. रस्त्यावरच्या दुकानदारांनीच पैसे एकत्र करून ती काढली होती. वह्या-पेनांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिचा कारभार चाले. दादांच्या टेम्पोचं कर्ज तिथलंच, आणि ते फिटलेलंही होतं. मॅनेजरबाई चष्मा साखळीने गळ्यात अडकवून बसत आणि शब्द जपून वापरत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा नाकावर चढवला.

"तुमच्याकडे तारण नाही, ते मला दिसतंय. गिऱ्हाईक आहे का, ते दाखवा."

"गिऱ्हाईक आहे की. अख्खा रस्ता म्हणतोय, काढा म्हणून."

"म्हणणारे पुष्कळ असतात, वहिनी. जे आज खिशात हात घालतील, तेच उद्या कपडे टाकतील. काही महिन्यांच्या धुलाईचे पैसे लोकांकडून आगाऊ घेऊन या. जेवढे जमतील त्यावर उरलेले संस्था देईल."

दुसऱ्या दिवसापासून वहिनी रस्त्याच्या एका टोकाला लागल्या. छापखानेवाल्याने पुढची धुलाई फुकट या बोलीवर त्यांना कूपनं छापून दिली. डॉक्टरीणबाईंनी पाणी किती कडकडीत तापतं ते खोदून खोदून विचारलं आणि मोठा गठ्ठा घेतला. खानावळवाल्याने घासाघीस केली, वहिनींनी केली, शेवटी दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं. न्हावी म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. बायको आतूनच ओरडली, घे. कुणी दोन कूपनं घेतली, कुणी वीस. नाही म्हणणारेही निघाले. कापडदुकानाच्या मालकाने आधी चालू दे, मग बघू असं सांगितलं, आणि वहिनींनी त्याला नंतर रांगेत शेवटचे उभे राहाल असं हसत हसत बजावलं. रस्ता संपला तेव्हा पिशवी फुगली होती. ती बघून मॅनेजरबाईंनी कर्जाचा अर्ज पुढे सरकवला.

जागा मिळाली ती दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर. आधी तिथे लाकडी सामानाचं गोदाम होतं. पाणी मुबलक, मागे वाळवायला अंगण. वरच्या मजल्यावर घड्याळजींचं दुकान होतं. घड्याळजी म्हणजे साठी उलटलेला, शिडशिडीत, एकटा राहणारा माणूस. डोळ्याला भिंग लावून तो दिवसभर टेबलावर वाकलेला असायचा. लांबलांबून लोक जुनी घड्याळं त्याच्याकडे आणत. त्यानेही कूपनं घेतली होती, खरं तर पुसायची फडकी सोडली तर धुण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. सगळे घेतायत तर मीही घेतो, असं तो म्हणाला होता. जागा ठरली तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला होता, आवाज होईल का? वहिनींनी सांगितलं, छताच्या पंख्याएवढा होईल. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. हॉटेलात म्हैस चालू आहे की बंद, ते वरच्या लोकांना कधी कळलंही नव्हतं.

म्हैस आली. दादांनी आणि चार हमालांनी घाम गाळून तिला आत घेतलं आणि गोदामाच्या फरशीवर बोल्ट ठोकून बसवलं. पहिल्या आठवड्यात वहिनींना जेवायला फुरसत नव्हती. टॉवेल जात होते, येत होते. डॉक्टरीणबाईंनी चादर नाकाजवळ नेऊन हुंगली आणि मान डोलावली. न्हाव्याची बायको नुसतीच येऊन उभी राहिली, यंत्राकडे बघत, आणि आपली कंबर चोळत म्हणाली, मेली आधी का नाही आली ही.

घड्याळजी पहिल्यांदा जिना उतरून आले ते त्याच आठवड्याच्या शेवटी. त्यांनी सौम्य आवाजात सांगितलं, "बाई, तुमचं यंत्र माझ्या टेबलावर येतं."

"काका, माझं यंत्र बोल्टाने आवळलंय. ते जागचं हलत नाही."

"तेच म्हणतोय मी. ते जागेवर आहे, मी हलतोय."

वहिनींना राग आला. धंद्याला कुठे पाय फुटत होते आणि लगेच हा विघ्न घेऊन उभा. पण त्यांचा स्वभाव असा की डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या भांडायच्या नाहीत; डागाबाबतही तसंच होतं. त्यांनी दादांना म्हैस पिळायला लावायला सांगितली आणि घड्याळजींच्या मागोमाग जिना चढल्या.

वर सगळं झाडूनपुसून लख्ख होतं. टेबलावर काचेची बशी, बशीत तिळाच्या दाण्याहून बारीक स्क्रू. घड्याळजी बसले, चिमट्यात एक चाक धरलं. खाली म्हशीने गिरकी घ्यायला सुरुवात केली. आवाज काही फार येत नव्हता. पण बशीतले स्क्रू जागचे सरकायला लागले, मुंग्या निघाल्यासारखे एकामागोमाग एका कडेला. घड्याळजींनी चाक हळूच खाली ठेवलं, दोन्ही हात टेबलावरून उचलून हवेत धरले आणि तसेच बसून राहिले. पिळणं संपेपर्यंत ते तसेच होते. संपल्यावर त्यांनी हात खाली घेतले आणि म्हणाले, "दिवसातून किती वेळा असं बसायचं ते तुम्हीच सांगा." आठवडाभर त्यांनी फक्त पट्टे बदलायची आणि सेल घालायची कामं घेतली होती. बारीक कामं घेऊन आलेल्या माणसांना ते परत पाठवत होते.

वहिनी खाली आल्या. त्यांच्या डोक्यात दोघीजणी भांडत होत्या. एक म्हणत होती, तू रीतसर भाडं भरतेस, तुझाही संसार आहे. दुसरी म्हणत होती, तो हवेत धरलेला हात बघितलास ना? दुसरीचा आवाज लहान होता, पण ती गप्प बसेना. शेवटी वहिनींनी दादांना सांगितलं की घड्याळजींचं दुकान उघडं असेल तोवर म्हैस पिळणार नाही. धुवायचं तेवढं धुवायचं, पिळायचं ते सकाळी त्यांच्या आधी किंवा संध्याकाळी त्यांच्या नंतर.

म्हणायला सोपं होतं. ओले गठ्ठे दिवसभर पडून राहायला लागले. दवाखान्याच्या चादरी दुपारच्या ऐवजी संध्याकाळी पोचायला लागल्या. डॉक्टरीणबाई दोनदा गप्प बसल्या, तिसऱ्यांदा म्हणाल्या, वहिनी, पेशंट माझ्यासाठी थांबतात, चादरीसाठी थांबत नाहीत. न्हावी तोंडावर काही बोलला नाही, पण त्याच्या गच्चीवर पुन्हा टॉवेल दिसायला लागले.

दादांना बायकोची ही ओढाताण बघवेना. त्यांनी कुठून तरी ट्रकच्या टायरचं जाड रबर आणलं, बोल्ट सोडवले आणि म्हशीच्या चारही पायांखाली घातलं. कल्पना वाईट नव्हती. पण रबरावर चढल्यावर म्हशीला जणू मोकळं रान मिळालं. पहिल्याच पिळण्यात ती नाचत नाचत जागेवरून निघाली, भिंतीतला नळ उपटला आणि गोदामात गुडघ्याएवढं नसलं तरी घोट्याएवढं पाणी झालं. सासूबाई त्या वेळी डबा घेऊन दारात पोचल्या होत्या. त्या म्हणाल्या, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, बांधणार कुठे.

सल्ले द्यायला मग लोक धावून आले. धाकटे दीर, जे आयुष्यात कुठल्याही धंद्यात महिन्याच्या वर टिकले नव्हते, ते म्हणाले की एका म्हातारबासाठी एवढं कशाला, त्याचे आता दिवस ते किती. घरमालकीण भाडं न्यायला आली तेव्हा तिने तर गुळातूनच सांगितलं. घड्याळजींचा करार संपत आलाय, तुम्ही थोडं वाढवून दिलंत तर वरचा मजलाही तुम्हालाच देते, मग पिळत बसा दिवसभर. मोह झाला नाही असं कसं म्हणावं. वरती इस्त्रीची टेबलं कशी लागतील, हेसुद्धा त्या क्षणात त्यांच्या डोळ्यांपुढे येऊन गेलं. मग त्या म्हणाल्या, "त्यांनी कूपनं घेतलीयत माझी. ज्यांच्या पैशावर दुकान उघडलं, त्यांनाच रस्त्यावर काढू? मग उद्या या रस्त्याने मी कुठल्या तोंडाने चालू?"

घरमालकीण खांदे उडवून गेली. जाताना म्हणाली, तुमची मर्जी. तुम्ही सोडलंत तर व्यायामशाळावाला जागेसाठी टपून बसलाय.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी ओले टॉवेल घडी करता करता वहिनींना आठवलं. हॉटेलात मोजे हरवायचे. गिऱ्हाइकांचे मोजे, आणि सगळ्या विभागाची बोलणी वहिनी खायच्या. मग एकदा सापडले ते म्हशीच्या चौथऱ्याभोवती. त्या चौथऱ्याभोवती चारी बाजूंनी चार बोटांची फट होती, फरशीपर्यंत नाही, खोल खाली गेलेली. वहिनींनी तेव्हा फट ठेवणाऱ्या गवंड्याच्या नावाने बोटं मोडली होती. आता टॉवेल हातात तसाच राहिला. एवढ्या मोठ्या हॉटेलात कुणी आळस म्हणून फट ठेवली नसेल.

त्यांनी रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या गवंड्याला बोलावून आणलं. त्याने फरशीवर टाच आपटून बघितली, खांबाला हात लावून म्हशीला पिळायला लावलं, आणि वहिनींचं म्हणणं बरोबर असल्याचं सांगितलं. यंत्र फरशीला, फरशी खांबाला, खांब छताला, असा सगळा धक्का हातात हात घालून वर जातो. फरशी कापायची, टणक जमीन लागेपर्यंत खणायचं, म्हशीपेक्षा जड काँक्रीटचा ठोकळा ओतायचा आणि तो कुणालाही शिवणार नाही अशी फट ठेवायची. मग काय ढुसण्या द्यायच्यात त्या जमिनीला देऊ दे. खर्च त्याने कान खाजवत सांगितला. वहिनींनी तो दोनदा विचारला.

पुन्हा पतसंस्थेचा जिना आला. मॅनेजरबाईंच्या कानावर सगळं गेलेलंच होतं. त्यांची अडचण वेगळी होती. घड्याळजी संस्थेचे जुने ठेवीदार, वहिनी संस्थेच्या नव्या कर्जदार; एकीला सांभाळावं तर दुसरा जातो. त्यांनी दोघांनाही एकाच वेळी बोलावलं होतं. घड्याळजी पांढरा शर्ट घालून, बटणं गळ्यापर्यंत लावून आले आणि वहिनींपासून एक खुर्ची सोडून बसले.

वहिनींनी खड्डा, ठोकळा, फट सगळं सांगितलं. मॅनेजरबाई म्हणाल्या की समजलं, पण पहिलं कर्ज निम्मंही फिटलेलं नसताना दुसरं देता येत नाही, नियम आहे. भक्कम जामीन मिळाला तरच कमिटीपुढे ठेवता येईल. दादा पहिल्या कर्जाला आधीच जामीन होते. वहिनी मनात एकेक माणूस आठवत होत्या आणि एकेक खोडत होत्या.

"मी राहतो जामीन," घड्याळजी म्हणाले.

मॅनेजरबाईंनी चष्मा काढला. "काका, नीट समजून घ्या. यांना नाही जमलं तर तुमच्या ठेवीतून जाईल."

"समजलं. यांना नाही जमलं तर खाली व्यायामशाळा येईल, हेही मला समजलंय. घरमालकीण मलाही सांगून गेली. लोक लोखंड उचलतात, त्याला माझी हरकत नाही. पण ते खाली टाकतात."

मॅनेजरबाईंना हसू आवरेना. वहिनींना मात्र हसू आलं नाही. त्यांनी खुर्ची वळवून विचारलं, "काका, फक्त तेवढ्यासाठीच?"

घड्याळजींना अशा बोलण्याची सवय नव्हती. "मी भांडायच्या तयारीने खाली आलो होतो. तुम्ही वर येऊन बसलात. दुसऱ्या दिवसापासून यंत्र बंद. मी काही मागितलं नव्हतं, वेळही ठरवून दिली नव्हती. संध्याकाळी मी शटर ओढायचो आणि मगच खाली सुरू व्हायचं. तुमचं किती नुकसान होतंय ते मला वरून दिसत होतं, गठ्ठे पडलेले. असल्या माणसाला जामीन राहायला मला भीती वाटत नाही."

वहिनी कामाचंच बोलल्या. म्हणाल्या, माझी एक अट आहे. ठोकळा झाल्यावर तुम्ही वर बसून खरं काय ते सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणायचं नाही. घड्याळजी म्हणाले की वेळेच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता येत नाही, बाकीचंही जमेल असं वाटत नाही.

कमिटीत थोडी कुरकुर झाली. कापडदुकानाचा मालक कमिटीवर होता. त्याने विचारलं की बाई पहिला पाया चुकल्या, दुसरा बरोबर कशावरून? मॅनेजरबाईंनी उत्तर दिलं की चूक झाली हे ज्याला दुसऱ्याने दाखवल्यावर पटतं, त्याचंच कर्ज आजवर वेळेवर आलंय. हवं तर मागचं काढून बघा. त्याने काढून बघितलं नाही, सही केली.

बाजार बंद असतो त्या दिवशी सगळा रस्ता गोदामात लोटला. म्हशीला जॅक लावून उचलायची होती. खानावळवाला, छापखानेवाला, न्हावी, सगळे बाह्या सरसावून आले. सूचना देणारे काम करणाऱ्यांहून जास्त होते, ते तर चालायचंच. धाकटे दीर सर्वांत मोठ्याने ओरडत होते आणि एकाही बाजूला हात लावत नव्हते. म्हैस अंगणात आली, फरशी कापली गेली, खड्डा खणला गेला, सळ्या पडल्या, काँक्रीट ओतलं. गवंड्याने ठोकळ्याभोवतीच्या फटीतून हात फिरवून वहिनींना दाखवला.

मग थांबायचं. काँक्रीट पक्कं होईपर्यंत धंदा बंद, आणि हप्त्याची तारीख काही कुणासाठी थांबत नाही. दवाखान्याच्या चादरी तेवढ्या सोडायच्या नाहीत असं वहिनींनी ठरवलं आणि त्या अंगणात, भल्या मोठ्या पातेल्यात उकळून हाताने धुतल्या. रोज दुपारी चादरी वेळेवर पोचत. डॉक्टरीणबाईंनी एकदा त्यांचे सोललेले हात बघितले, मलमाची नळी काढून दिली आणि पुढच्या महिन्यांची कूपनं मागितली. ठोकळ्यावर पाणी मारायचं काम सासूबाईंनी स्वतःहून घेतलं. सकाळ-संध्याकाळ त्या बादली घेऊन येत, ठोकळ्याला न्हाऊ घालत आणि कुणी विचारलं तर सांगत, गोठा धुतेय.

परीक्षेच्या दिवशी घड्याळजींनी वर एक जुनं घड्याळ पूर्ण उघडून ठेवलं आणि स्क्रू बशीत ओतले. वहिनींनी म्हशीत ओले टॉवेल भरले, बटण दाबलं आणि जिन्याकडे निघाल्या. त्या वर पोचल्या तेव्हा स्क्रू चालत होते. आधीइतके नाही, पण चालत होते. घड्याळजींनी चिमटा बाजूला ठेवून मान हलवली. वहिनींनी मनात हिशेब मांडला. एवढा खड्डा, एवढं कर्ज, दुसऱ्याची ठेव गुंतलेली. कापडवाल्याचा चेहराही त्यांच्या डोळ्यांपुढे आला.

पण त्या खाली आल्या आणि रडत बसल्या नाहीत. म्हैस चालू ठेवून त्यांनी एकेका वस्तूला हात लावून बघायला सुरुवात केली. फरशी गार, गप्प. खांब गप्प. भिंत मात्र गुणगुणत होती. भिंतीवर तळहात ठेवून त्या सरकत सरकत गेल्या आणि नळापाशी आल्या. नवा लोखंडी नळ म्हशीपासून थेट भिंतीत गेला होता. जमिनीचा रस्ता बंद झाल्यावर धक्क्याने आडवाट शोधली होती.

"अहो," त्यांनी दादांना हाक मारली, "हा नळ काढा आणि रबरी पाइप लावा. ढिला, झोळ पडेल असा."

दादांनी टेम्पोतून पाइप आणला. वहिनींनी टॉवेल पुन्हा भरले, या वेळी पिंपात चारी बाजूंना सारखे बसतील असे नीट रचून, आणि बटण दाबून वर गेल्या. घड्याळजी वाकलेले होते. भिंगाआडून डोळा न काढता, चिमट्याने एक स्क्रू उचलून त्यांनी तो जागेवर नेला, फिरवला, घट्ट केला. दुसरा घेतला. तिसरा. मग मान वर न करता म्हणाले, "वहिनी, चालू करा ना आता."

आजवर त्यांनी कधी वहिनी म्हटलं नव्हतं, नेहमी बाई म्हणायचे. वहिनी दाराच्या चौकटीला टेकल्या.

"काका, पिळून होत आलंय."

घड्याळजींनी भिंग काढलं. बशीकडे बघितलं, मग खिडकीतून खाली वाकून बघितलं. खरोखरच मागच्या बाजूने फेसाळ पाणी बाहेर पडत होतं. ते परत बसले आणि तेवढ्याच शांतपणे म्हणाले, बरं, मग मला काम करू द्या.

त्यानंतर बस्तान बसायला वेळ लागला नाही. म्हैस दिवसभर पिळायला लागली. न्हावी दोन्ही कान पकडून परत आला; वहिनींनी त्याचे टॉवेल घेतले, पण पहिला आठवडा त्याला रांगेत शेवटी ठेवलं. बंदच्या काळातला हप्ता उशिरा गेला, त्याचा दंडही वहिनींनी न कुरकुरता भरला. पुढचे तारखेच्या आत गेले. घड्याळजींचा करार घरमालकिणीने मुकाट्याने वाढवला, कारण वर-खाली दोन्ही भाडेकरू एकदमच तिच्यासमोर जाऊन उभे राहिले होते. कापडदुकानाचा मालक एके सकाळी पडद्यांचा गठ्ठा घेऊन आला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, दुकानाचे आहेत. वहिनींनी त्याला काही ऐकवलं नाही. नुसतं कूपन फाडून दिलं आणि पैसे आगाऊ घेतले.

वर्ष सरता सरता पोहण्याच्या तलावाचा व्यवस्थापक गाडी घेऊन दारात आला. रोजचे शेकड्याने टॉवेल, कायमचं काम, पण सोमवारपासून हवं होतं. एवढं काम एका म्हशीच्या आवाक्यातलं नव्हतं हे वहिनींना त्याचं बोलणं संपायच्या आत कळलं. दुसरं यंत्र कुठे मिळेल ते त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं, आणि मॅनेजरबाईंशीही बोलून ठेवलं होतं.

"सोमवारी नाही जमणार," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून घेते. आधी ठोकळा ओतायचाय, तो पक्का व्हायला हवा."

व्यवस्थापक म्हणाला की एवढं थांबायला वेळ नाही, यंत्र आणून नुसतं फरशीवर ठेवलं तर काय बिघडतं.

"वर माणूस काम करतो," वहिनींनी सांगितलं, आणि त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. "बसा. दर ठरवून टाकू. थांबायचं की नाही ते तुम्ही चादरी बघून ठरवा."

त्यांनी दवाखान्यासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातली वरची चादर काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती उजेडात धरली, उलटसुलट केली, कडा बघितल्या. मग तो खुर्चीत बसला.